रोज किती कॅलरी लागतात? हिशेब आपल्याच ओट्यावर मांडू या

आमच्या चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा तेलाचा डबा संपायचा. वाणसामानाच्या यादीत ती ओळ वर्षानुवर्षं तशीच होती, कधी कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही. एका रविवारी मी वही घेऊन भागाकार केला. पाच लिटर म्हणजे साधारण ४,५५० ग्रॅम तेल. ग्रॅमला ९ कॅलरी धरल्या तर जवळजवळ ४१,००० कॅलरी. त्याला तीस दिवसांनी आणि चार माणसांनी भागलं तर माणशी रोज ३४० कॅलरी, त्याही नुसत्या तेलाच्या. यात तूप नाही, दाण्याचं कूट नाही, ओलं खोबरं नाही आणि बाहेर खाल्लेलं काहीच नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. आमचं नुसतं तेलच ३८ ग्रॅम होत होतं.

त्या दिवसापासून माझं एक मत पक्कं झालं. आपल्याला रोज किती कॅलरी लागतात, याचं उत्तर मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये पूर्ण मिळत नाही. तिथे मिळतो तो अंदाज. खरा आकडा आपला वजनकाटा आणि आपलं स्वयंपाकघर मिळून सांगतात, आणि तो शोधायला तीन आठवडे पुरतात. कसा शोधायचा ते क्रमानं सांगते.

आधी थोडं समजून घेऊ

आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी. पाकिटावर ‘केकॅल’ असं छापलेलं असतं ते हेच. पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं यांच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅममधून ९ आणि दारूतल्या अल्कोहोलच्या ग्रॅममधून ७.

खर्चाची बाजू तीन हिश्शांची असते. दिवसभर नुसतं पडून राहिलो तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालू ठेवायला शरीर ऊर्जा वापरतं. बहुतेकांच्या बाबतीत एकूण खर्चाचा ६० ते ७० टक्के भाग इथेच जातो. खाल्लेलं पचवायला साधारण १० टक्के लागतात. उरलेला भाग हालचालीचा, आणि माणसामाणसात सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथेच.

‘चाळिशी उलटली, आता शरीराची भट्टीच मंदावली’ असं आपण सर्रास म्हणतो. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सहा हजारांहून अधिक माणसांच्या ऊर्जाखर्चाची मोजमापं प्रसिद्ध झाली. त्यात वीस ते साठ या वयात, शरीराचा आकार आणि घडण लक्षात घेतली तर, खर्च जवळपास स्थिर राहतो असं दिसलं. म्हणजे चाळिशीत वाढणाऱ्या वजनाचं कारण बहुधा कमी झालेली हालचाल, घटलेले स्नायू आणि नकळत वाढलेलं खाणं यांत शोधावं लागतं. मला ही बातमी धीर देणारी वाटली, कारण या तिन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

पहिली पायरी : सूत्रानं अंदाज काढा

१९९० साली मांडलेलं मिफ्लिन-सेंट जिऑर हे सूत्र आज सगळीकडे वापरतात. किलोतल्या वजनाला १० नं गुणा. सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ नं गुणून त्यात मिळवा. वयाला ५ नं गुणून त्यातून वजा करा. मग पुरुषांनी ५ मिळवायचे आणि स्त्रियांनी १६१ वजा करायचे.

माझेच तेव्हाचे आकडे घेते. वय ४२, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. ६८० अधिक ९८७.५, त्यातून २१० आणि १६१ वजा. उत्तर आलं जवळपास १,२९७. ही झाली शरीर नुसतं चालू ठेवण्याची गरज.

याला हालचालीच्या आकड्यानं गुणायचं. दिवसभर बैठं काम असेल तर १.२. रोज थोडं चालणं, जिने, घरकाम असेल तर १.३७५. आठवड्यातले चार-पाच दिवस चांगला व्यायाम होत असेल तर १.५५. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्यांसाठी याहून जास्त. माझं उत्तर १,५५६ आणि १,७८३ यांच्यामध्ये कुठेतरी होतं. दोन टोकांमध्ये सव्वादोनशे कॅलरींचं अंतर, म्हणजे दीड घडीची पोळी. सूत्र अंदाजच देतं म्हणते ते यासाठी. शिवाय आपल्याकडे उंची-वजनाच्या मानानं स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, त्यामुळे हा आकडा थोडा फुगलेलाही येऊ शकतो.

ताळा करायला भारतीय आकडे हाताशी असावेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यानुसार बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाची गरज रोज २,११० कॅलरी आहे आणि ५५ किलोच्या स्त्रीची १,६६०. मध्यम कष्टाचं काम असेल तर हेच आकडे २,७१० आणि २,१३० होतात. बहुतेक अ‍ॅप हालचालीचा प्रश्न विचारतात तेव्हा आपण मोठ्या मनानं ‘मध्यम’ निवडतो. नोकरी खुर्चीतली असेल आणि दिवसातून अर्धा तास चालणं होत असेल, तर आपण बैठ्या गटाच्याच जवळ आहोत.

दुसरी पायरी : रोज सकाळी वजन

उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. काटा रोज त्याच फरशीवर, कपडे साधारण तेवढेच. आकडा वहीत लिहायचा आणि विसरायचा. आठवड्याच्या शेवटी सात आकड्यांची सरासरी काढायची. बघायची ती फक्त ही सरासरी.

लग्नाचं जेवण जेवून आल्यावर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो आणि जीव खट्टू होतो. पण किलोभर चरबी साठायला गरजेपेक्षा साधारण ७,७०० कॅलरी जास्त खाव्या लागतात. एका पंगतीत ते होत नाही. ते मीठ आणि पिष्टान्नाबरोबर शरीरात थांबलेलं पाणी असतं, दोन-तीन दिवसांत उतरतं. पाळीच्या आधीही असंच होतं. बायकांनी या महिन्यातल्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी करावी.

कमरेचा घेरही एकदा टेपनं मोजून ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेलं तर काळजी घ्यायची वेळ आली. याचं महत्त्व पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी फार स्पष्ट दाखवलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी जास्त, ही आपल्याकडची घडण. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर लठ्ठपणा, असं धरतात.

तिसरी पायरी : खाल्लेलं लिहायचं, पण कच्चं मोजून

सगळ्यात जास्त मेहनत इथे आहे.

‘मी तर दोनच पोळ्या खाते, तरी वजन हटत नाही,’ असं म्हणणाऱ्या बायका खोटं बोलत नसतात. अमेरिकेत १९९२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज १,२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या माणसांचा ऊर्जाखर्च त्यात प्रत्यक्ष मोजला होता. खर्च नेहमीसारखाच निघाला. खाणं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. मीही पहिला आठवडा आठवून लिहिलं तेव्हा माझी बेरीज १,२५० आली होती. काटा आणून मोजल्यावर १,७५० आली. पाचशेचा फरक होता तेलात, चहात, आणि चिवड्याच्या डब्यात जाता-येता घातलेल्या हातात.

स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा आणा. शिजलेला पदार्थ मोजण्यापेक्षा कच्चा माल मोजणं सोपं आणि बिनचूक, कारण पाणी किती शोषलं गेलं हा प्रश्नच उरत नाही.

पोळ्यांचं उदाहरण घ्या. आमच्याकडे अर्धा किलो कणकेच्या सोळा पोळ्या होतात. कणकेच्या शंभर ग्रॅमला ३४० च्या आसपास कॅलरी, म्हणजे अर्ध्या किलोला १,७००. एका पोळीला १०६. घडीत आणि वरून मिळून चमचाभर तेल लागतं, त्याच्या ४५. झाली दीडशे. तीच कणीक फुलका म्हणून भाजली आणि वर काही लावलं नाही तर १०६ च. ज्वारीची भाकरी सात्त्विक म्हणून आपण मोजत नाही, पण एका भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ सहज जातं, म्हणजे दोनशेच्या वरच. भाकरी चांगलीच आहे, फक्त एक भाकरी म्हणजे एक फुलका नव्हे.

भाताचं तसंच. कुकरला लावताना तांदूळ मोजा. चौघांना २०० ग्रॅम लावले तर माणशी ५० ग्रॅम, १७५ कॅलरी.

तेलाचं मोजमाप मी असं केलं. आमच्याकडे सकाळचा स्वयंपाक मावशी करतात आणि पळी त्यांच्या हातात असते. एका सोमवारी अर्ध्या लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, ‘मावशी, हा आठवडाभर फोडणीला, पोळीला, सगळ्याला तेल याच बाटलीतलं घ्यायचं हं. संपली की मला सांगा.’ बाटली गुरुवारी सकाळीच रिकामी झाली. मावशींनाही नवल वाटलं. त्यांनी आजवर कधी हात सैल सोडला नव्हता, रोजच्यासारखंच घातलं होतं. आपल्या घरची पळी किती मिलिलिटरची ते एकदा औषधाच्या मापानं मोजून ठेवा. आमची पंधराची निघाली, म्हणजे पळीला सव्वाशे कॅलरी.

चहा लिहायचा राहून जातो. ६० मिलिलिटर म्हशीचं दूध आणि दोन चमचे साखर धरली तर एका कपाला शंभर कॅलरी. तीन कप म्हणजे तीनशे, आणि पोटाला काही आधार नाही.

उपवासाचा दिवसही मोजून बघा. तिघांच्या साबुदाण्याच्या खिचडीला मी २५० ग्रॅम साबुदाणा, १०० ग्रॅम दाण्याचं कूट, एक मोठा बटाटा आणि ४० ग्रॅम तूप घेते. अनुक्रमे ८७५, ५७०, ११५ आणि ३६०. एकूण १,९२०, माणशी ६४०. एकादशीला दुपारी ही खिचडी आणि रात्री वरीचे तांदूळ-दाण्याची आमटी झाली, की तो दिवस एरवीच्या जेवणाच्या बरोबरीला किंवा पुढेच जातो. उपवास श्रद्धेनं जरूर करावा, वजनासाठी मात्र त्यावर भिस्त ठेवू नये.

दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं हे जिन्नस आपल्या चवीचा प्राण आहेत आणि पौष्टिकही आहेत. काढून टाकू नका, पण चमच्यानं घाला आणि लिहा. शेंगदाण्यांच्या शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. काकडी, मुळा, पालेभाजी यांच्या वजनाची चिंता सोडा, त्यांच्यात घातलेलं तेवढं मोजा.

चौथी पायरी : आपला खरा आकडा

तीन आठवडे नेहमीसारखं खात, सगळं लिहीत, रोज वजन करत गेलात की दोन गोष्टी हातात येतात : रोजच्या कॅलरींची सरासरी आणि वजनाचा कल. वजन स्थिर असेल तर ती सरासरी हीच तुमची गरज. वजन वाढत किंवा उतरत असेल तर दुरुस्ती करायची. समजा तीन आठवड्यांत सरासरी अर्धा किलो वाढली. अर्ध्या किलोच्या ३,८५० कॅलरी, त्यांना २१ दिवसांनी भागलं तर रोज १८० च्या आसपास. तेवढ्या सरासरीतून वजा केल्या की गरज मिळाली. माझं वजन स्थिर होतं, म्हणून माझा आकडा १,७५०.

तुमच्या मोजण्यात थोड्या चुका असतील तरी हरकत नाही. पुढेही त्याच पद्धतीनं मोजणार असाल तर त्या चुका दोन्हीकडे सारख्याच राहतात.

पाचवी पायरी : किती कमी करायचं, आणि कुठून

रोज ३०० ते ५०० कॅलरी कमी, यापलीकडे घाई करू नये. मी ३५० धरल्या. महिन्याच्या १०,५०० झाल्या, कागदावर महिन्याला सव्वा किलोच्या थोडं वर. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज १,२०० च्या खाली जाऊ नका. एवढ्या कमी खाण्यात लोह, कॅल्शियम, प्रथिनं भागवणं अवघड होतं, आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

आमच्या घरात या ३५० कुठून आल्या? तेल पाच लिटरवरून साडेतीनवर आणलं, माणशी रोज १०० वाचल्या. मावशींची शंका रास्त होती. ‘ताई, कमी तेलात भाजी कढईला लागते.’ मग भाजीवर झाकण ठेवून त्या झाकणावर पाणी ओतायचं आणि मंद आचेवर वाफ काढायची, हा आजीच्या वेळचा उपाय त्यांनीच पुन्हा सुरू केला. चहातली साखर दोनवरून एक चमचा, तीन कपांच्या ६०. चार वाजता फरसाणाची मूठ, साधारण ३० ग्रॅम, तिच्या दीडशेच्या वर, त्या जागी काकडी किंवा ताक. उरलेल्या तीसेक भातातून. पोळी-भाजी-वरण-भात हा आमचा जेवणाचा साचा तसाच राहिला, आणि म्हणूनच ते टिकलं.

कमी करताना प्रथिनं मात्र वाढवायची. नेहमीची शिफारस वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, वजन उतरवताना एक ग्रॅमच्या थोडं वर ठेवावी. शाकाहारी घरात इथे अडचण येते, कारण पातळ आमटीच्या वाटीत तुरीची डाळ २५ ग्रॅमच असते आणि प्रथिनं पाच-साडेपाच. वरण दाट करा. ४० ग्रॅम मटकीच्या उसळीत नऊ ग्रॅम मिळतात, ५० ग्रॅम पनीरमध्येही तेवढीच, ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत पंधरा. अंडी चालत असतील तर एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं सत्तर कॅलरींत. पोट भरलेलं राहतं, रात्री डबे उघडावेसे वाटत नाहीत.

व्यायामाबद्दल एकच सावधगिरी. माझ्या वजनाला पाच किलोमीटर चालल्यावर बसून राहण्यापेक्षा जास्तीच्या १७० च्या आसपास कॅलरी जातात. एक वडापाव तीनशेच्या घरात असतो. ‘आज चाललेय ना’ म्हणून खाण्यात सूट घेऊ नका. चालणं हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी करा आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचला किंवा बैठका काढा, स्नायू टिकतात.

वजन वाढवायचं असेल तर

हिशेब तोच, फक्त उलटा. गरजेपेक्षा रोज ३०० जास्त. मूठभर दाणे-गूळ, दुधाबरोबर केळं, वरणभातावर तुपाची धार, एवढ्यात भागतं. पण काही न बदलता वजन आपोआप उतरत असेल तर कॅलरी मोजत बसू नका. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड यांची तपासणी आधी.

हे कुणी स्वतःहून करू नये

गरोदरपणात गरज रोज ३५० नं वाढते आणि बाळाला अंगावर पाजताना पहिल्या सहा महिन्यांत ६०० नं. तेव्हा काटछाट नाही. वाढत्या वयाच्या मुलांच्या ताटात आकडे आणू नयेत. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि खाण्याचे आकडे मनाचा ताबा घेताहेत, जेवणाची भीती वाटू लागली आहे, असं जाणवलं तर वही बंद करा आणि समुपदेशकाशी बोला. हे फार मनापासून सांगते.

वजन अडलं की

दोन-अडीच महिन्यांनी उतरण मंदावते. शरीर लहान झालं की त्याची गरजही घटते, शिवाय ते थोडी काटकसर करू लागतं. माझं वजन ६३ वर आलं तेव्हा सूत्रानुसारच गरज सत्तरेक कॅलरींनी कमी झाली होती. सरासरी सलग तीन आठवडे हलली नाही तर आधी खाणं पुन्हा आठवडाभर काट्यावर मोजा. बहुतेक वेळा पळी मोठी झालेली असते. मोजमाप बरोबर असेल तरच शंभरेक कॅलरी आणखी कमी करा किंवा चालणं वीस मिनिटांनी वाढवा.

हव्या त्या वजनाला पोचलात की दर आठवड्याला शंभर कॅलरी वाढवत न्या, वजन स्थिरावेपर्यंत. तो तुमचा नवा आकडा. मग रोज लिहायची गरज नाही. मी आता शनिवारी सकाळी एकदाच वजन करते. महिन्याची सरासरी किलोभर वर गेली, की सोमवारी तेलाची बाटली भरून पुन्हा ओट्यावर ठेवते.